वाचकांचे प्रश्न : स्टेप एरोबिक्सच्या अवघड रचनांचे व्हिडिओ कसे निवडावेत?

प्रश्न : मी लातूरची गृहिणी असून माझे वय ४३ वर्षे आहे. घरी प्लॅटफॉर्म (चढ-उतार करण्याची ठेंगणी फळी) घेऊन गेले वर्षभर स्टेप एरोबिक्सचे सोपे व्हिडिओ करते. आता तेच ते चढणे-उतरणे कंटाळवाणे होऊ लागल्यामुळे ‘इंटरमीजिएट’ असे लिहिलेले दोन व्हिडिओ लावून पाहिले. पहिल्यात दम फारसा लागला नाही, परंतु वळणे सुरू होताच पुढचे पाऊल कोणते हेच समजेना. दुसऱ्यातील पावले सोपी होती, पण थोड्याच वेळात धाप लागून थांबावे लागले. मला नाचासारख्या गुंफलेल्या स्टेप्स शिकायच्या आहेत. व्हिडिओ निवडताना काय पाहावे? – एक वाचक भगिनी, लातूर

उत्तर : आपल्याला आलेला अनुभव विचित्र वाटला तरी तो अगदी स्वाभाविक आहे. ‘बिगिनर’, ‘इंटरमीजिएट’ किंवा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ ही पाटी बहुतेक वेळा श्रमाविषयी काही सांगते. पावलांची गुंफण किती अवघड आहे हे तिच्यावरून कळत नाही. अमेरिकेत व्यायाम-शिक्षिका जिन मिलर यांनी गुडघ्याच्या दुखापतीतून सावरताना एका खोक्यावर चढ-उतार करता करता हा व्यायामप्रकार घडवला आणि १९८९ च्या सुमारास रीबॉक कंपनीने त्याचा प्रसार सुरू केला, तेव्हा त्यात साधे चढणे, उतरणे आणि गुडघा उचलणे एवढेच प्रामुख्याने होते. पुढे नाचाकडे ओढा असलेल्या शिक्षकांनी त्यात माम्बो (एक पाय पुढे आणि मग मागे टाकणे), चा-चा (तीन झटपट पावले), पिव्हट (पंजावर गिरकी) अशी पावले आणली आणि एकाच नावाखाली दोन निराळे व्यायाम चालू झाले : एकात घाम अधिक, दुसऱ्यात लक्ष अधिक. आपल्याला दुसरा हवा आहे, म्हणून किती कॅलरी जळतील आणि व्हिडिओ किती मिनिटांचा आहे या दोन्ही गोष्टी निवडताना बाजूला ठेवाव्यात.

खरा प्रश्न शिक्षिका रचना कशी बसवून घेते हा आहे. अवघड रचना शिकवणारा चांगला व्हिडिओ अवघड रचनेने सुरू होतच नाही. आधी सोपा सांगाडा उभा केला जातो आणि मग त्यातील एकेक पाऊल काढून त्याच मात्रांचे अवघड पाऊल त्याच्या जागी बसवले जाते. उदाहरणार्थ, आठ मात्रांमध्ये दोन बेसिक स्टेप्स (एकेक पाऊल वर, मग एकेक खाली) बसतात. त्या जमल्यावर शिक्षिका त्यांच्या जागी एक माम्बो आणि एक पूर्ण फिरणारा पिव्हट ठेवते. मात्रा आठच राहतात, शेवटी पुढचे पाऊल टाकायला मोकळा राहणारा पायही तोच राहतो, त्यामुळे पुढची सगळी रचना जागची हलत नाही. असे थर चढताना दिसले, तर तो व्हिडिओ आपल्या उपयोगाचा आहे, मग त्याचे अंतिम रूप कितीही गुंतागुंतीचे दिसो. याउलट, पहिल्याच फेरीत अंतिम रूप करून दाखवून ‘चला, आता माझ्याबरोबर करा’ म्हणणारा व्हिडिओ कितीही देखणा असला, तरी तो ज्यांना रचना आधीच येते त्यांच्यासाठी आहे.

या सगळ्याचा हिशेब ३२ मात्रांवर चालतो. ज्यांच्या कानाला भजनातील केरवा सवयीचा आहे, त्यांनी त्याची चार आवर्तने मनात धरावीत. एक पूर्ण तुकडा, ज्याला शिक्षक ‘कॉम्बिनेशन’ म्हणतात, तेवढ्यात संपतो आणि मग तोच तुकडा दुसऱ्या पायाने सुरू होतो. हा दुसरा पाय कसा येतो, ते समजून घेतल्याशिवाय अवघड व्हिडिओत टिकाव लागत नाही, म्हणून येथे थोडे थांबू या.

बेसिक स्टेप, व्ही-स्टेप (पाय फाकवून वर चढणे) आणि साधा माम्बो ही पावले संपतात तेव्हा ज्या पायाने सुरुवात केली तोच पाय पुन्हा मोकळा असतो. एक गुडघा उचलून उतरणे, तीन वेळा गुडघा उचलण्याचा रिपीटर, प्लॅटफॉर्म ओलांडून पलीकडे उतरण्याचे ओव्हर-द-टॉप आणि माम्बोला जोडलेला चा-चा ही पावले पाय बदलतात. आता असा एक तुकडा घ्यावा : उजव्या पायाने रिपीटर, आठ मात्रा, मग दोन व्ही-स्टेप्स, आठ मात्रा, मग दोन माम्बो-चा-चा, आठ मात्रा, शेवटी दोन बेसिक स्टेप्स, आठ मात्रा. पाय बदलणारी पावले यात तीनच आहेत, एक रिपीटर आणि दोन चा-चा. तीन ही विषम संख्या असल्यामुळे तुकडा संपताना डावा पाय आपोआप मोकळा राहतो आणि मधे कोठेही न थांबता डावी बाजू सुरू करता येते. बदल सम संख्येचे असतील तर पाय पुन्हा उजवाच येतो, आणि मग शिक्षिकेला बाजू बदलण्यासाठी नुसता टॅप (भार न देता पाय टेकवणे) किंवा एखादे जादा पाऊल घालावे लागते. आपण गोंधळता तेव्हा बहुधा पावले विसरलेली नसतात, तर चा-चामधील तीन पावलांऐवजी दोनच पडलेली असतात, आणि तेथून पुढे सगळेच उलट्या पायावर जाते. चुकल्याचे लक्षात आल्यावर तेवढेच दुरुस्त करण्याच्या खटपटीत न पडता जागच्या जागी मार्च करावे आणि नवीन तुकड्याच्या पहिल्या मात्रेला सामील व्हावे. शिक्षिका तेव्हा बहुधा ‘फ्रॉम द टॉप’, म्हणजे ‘पहिल्यापासून’, असे ओरडतेच.

निवड करताना प्लॅटफॉर्म भिंतीला टेकवून ठेवावा आणि खुर्चीत बसून व्हिडिओचा पहिला तुकडा पूर्ण पाहावा. शिक्षिका पुढच्या पावलाची सूचना दोन-चार मात्रा आधी देते, की पाऊल पडल्यावर? उजवीकडून शिकवलेले डावीकडूनही तितक्याच सावकाश घेते का? नवा तुकडा शिकवल्यावर आधीच्या तुकड्यांना जोडून पुन्हा पहिल्यापासून करून घेते का? आणि कॅमेरा पायांवर राहतो का? हा शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण नेमक्या वळणाच्या वेळी शिक्षिकेचा हसरा चेहरा दाखवणारे व्हिडिओ मी तरी बिनदिक्कत बाद करते. एकूण तीन किंवा चार तुकडे असलेला व्हिडिओ पहिल्या प्रयत्नासाठी पुरे आहे. सहा-सात तुकडे असले की शेवटच्या उजळणीपर्यंत पहिला विसरलेला असतो.

संगीताची गतीही पाहावी. स्टेपसाठी मिनिटाला साधारण ११८ ते १२८ ठोके ही रुळलेली मर्यादा आहे. नवी रचना शिकताना १२२ च्या आतबाहेरची गती बरी, कारण वळणाला लागणारा क्षणभराचा अवकाश त्यात मिळतो. यूट्यूबवर गती कमी करण्याची सोय आहे, मात्र एकदम ०.७५ वर नेल्यास १२८ चे ९६ ठोके होतात आणि पाय हवेत लोंबकळत राहतो. ०.९ वर ठेवून पाहावे, ते अधिक स्वाभाविक वाटते.

शिक्षकांपैकी जेनी फोर्ड यांचे व्हिडिओ यूट्यूबवर सोप्यापासून अवघडापर्यंत मिळतात, त्यामुळे त्यांच्यापासून सुरुवात करणे सोयीचे आहे. कॅथी फ्रीड्रिक यांच्याकडे श्रमाचा भाग मोठा असतो. क्रिस्टी टेलर यांची ओळख नाचाच्या अंगाने जाणाऱ्या, थरावर थर चढवलेल्या रचनांसाठी आहे. तेथे थोड्या तयारीने जावे. माझा आग्रह मात्र वेगळाच आहे. एकच व्हिडिओ धरावा आणि तो पाठ होईपर्यंत दुसरा उघडू नये. रोज नवा व्हिडिओ लावणाऱ्याला रोज पहिलाच दिवस असतो.

प्रश्न : व्हिडिओतील बाई समोर तोंड करून ‘राइट’ म्हणतात आणि त्यांचा डावा पाय हलताना दिसतो. मी कोणता पाय टाकू? शिवाय त्या वळल्या की सगळेच उलटे होते. – एक वाचक, परभणी

उत्तर : समोर तोंड करून शिकवणारे बहुतेक शिक्षक आरशातील प्रतिमेसारखे हलतात. त्या ‘राइट’ म्हणून आपला डावा पाय टाकतात तो आपल्या उजव्या पायासमोर येतो, म्हणून आपण उजवाच टाकावा. काही शिक्षक मात्र पाठमोरे राहून शिकवतात. तेव्हा त्यांचा उजवा तो आपला उजवा. एकच शिक्षिका मधेच पाठ फिरवते तेव्हा गोंधळ होतो. त्यावर उपाय असा, की शब्दांपेक्षा दिशा पाहावी : त्या पडद्याच्या ज्या बाजूला गेल्या त्याच बाजूला आपण जावे. वळणे असलेल्या रचनांमध्ये तर खोलीच्याच खुणा धराव्यात. ‘खिडकीकडे दोन मात्रा, दाराकडे दोन मात्रा’ असे स्वतःशी म्हटले की पडद्याकडे पाठ असतानाही पाऊल चुकत नाही. अवघड रचनांमध्ये पडद्याकडे पाठ होणारच असते, म्हणून कानाने शिकण्याची सवय लवकर लावून घ्यावी. मोबाइलच्या पडद्यावर पावले अंगठ्याएवढी दिसतात. शक्य असल्यास दूरदर्शन संचाला जोडून पाहावे.

प्रश्न : मी नांदेड येथील निवृत्त शिक्षिका आहे. वय ६१. मैत्रिणीचे पाहून मलाही अशा रचना शिकाव्याशा वाटतात, परंतु गुडघे अधूनमधून दुखतात. प्लॅटफॉर्म विकत न घेता घरातील चौरंगावर सुरुवात केली तर चालेल का? – एक वाचक भगिनी, नांदेड

उत्तर : चौरंगावर करू नये. तो बसण्यासाठी केलेला असतो. कडेला पाऊल पडले की उलटतो आणि त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग बुटाला धरत नाही. जिन्याची पायरी मजबूत असते, परंतु तिच्याभोवती फिरता येत नाही, आणि अवघड रचना तर प्लॅटफॉर्मच्या चारही बाजूंनी चालतात. विकतचा प्लॅटफॉर्म बहुधा चार इंच उंचीचा असतो आणि खाली ठोकळे लावून तो सहा किंवा आठ इंच करता येतो. विकत घ्यायचाच असेल तर लांब घ्यावा, कारण आखूड फळीवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी पावले बसत नाहीत.

मात्र आपण विकत घेण्यापूर्वी एक करावे, आणि ते अनुभवी लोकही करतात : फरशीवर खडूने साधारण हातभर रुंद आणि अडीच हात लांब चौकट आखावी आणि संपूर्ण रचना सपाट जमिनीवर शिकावी. चढ-उतार नसल्यामुळे गुडघ्यावर भार कमी पडतो आणि लक्ष पावलांवर राहते. रचना अंगवळणी पडल्यावरच चार इंचांवर जावे आणि तेथेच राहावे. उंची वाढवणे हे प्रगतीचे लक्षण नाही. वर पाऊल ठेवल्यावर गुडघा काटकोनापेक्षा अधिक वाकता कामा नये, आणि दुखरा असेल तर त्याहून बराच कमी वाकावा. पूर्ण तळवा फळीवर टेकावा, टाच बाहेर लोंबती राहू नये. उतरताना फळीच्या जवळ उतरून टाच जमिनीला लावावी. एकाच पायावर लागोपाठ पाचांहून अधिक गुडघे उचलायला लावणारा व्हिडिओ वगळावा.

पिव्हट हे गुडघ्यासाठी सर्वांत धोक्याचे पाऊल आहे. भार असलेला पाय जमिनीला चिकटून राहतो आणि वरचे शरीर फिरते, तेव्हा पीळ गुडघ्यात बसतो. म्हणून फिरण्याआधी भार पंजावर घेऊन टाच सैल करावी, किंवा माम्बो आणि पिव्हट या जोडीच्या जागी सरळ दोन माम्बो करावेत. मात्रा आठच होतात आणि मोकळा पायही तोच राहतो. चांगली शिक्षिका असा सोपा पर्याय स्वतःच सांगते; तो सांगितला जातो का, ही आपल्यासाठी निवडीची पहिली कसोटी समजावी. गुडघ्याला सूज येत असेल, जिना उतरताना कळ येत असेल किंवा रक्तदाब, हृदयविकार यांवर औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवून मगच सुरुवात करावी.

आपल्याकडच्या घरांतून शहाबादी फरशी सर्वत्र आढळते आणि तिच्यावर धूळ किंवा पाण्याचा थेंब असला तरी बूट घसरतो. प्लॅटफॉर्मखाली रबरी चटई घालावी, पायांत नुसते मोजे न ठेवता बूटच घालावेत, आणि वळणे करायची असल्याने बुटाचा तळ फार पकड घेणारा नसावा. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हा पंख्याखालीसुद्धा दुपारी व्यायाम करू नये. पहाटेची वेळ धरावी. त्या दोन महिन्यांत नवी रचना सपाट जमिनीवर, कमी गतीने पाठ करण्याचे काम ठेवावे आणि प्लॅटफॉर्म मृगाच्या पावसानंतर काढावा.