आरडीए घेतल्यावर जुन्या नोंदी पुन्हा कराव्या लागतात का?

निपाणीच्या वाचनालयात कोहा (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) बसवलंय, आता आरडीए (पुस्तकांच्या तालिकीकरणाचे नवे नियम) सुरू केलं तर आधीच्या एएसीआर-२ (त्याआधीचे नियम) नुसार केलेल्या नोंदी पुन्हा करायच्या का, हा तुमचा प्रश्न. नाही, अजिबात नको. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ३१ मार्च २०१३ पासून आरडीए घेतलं, तिथेही जुन्या नोंदी नव्यांच्या शेजारी सुखाने नांदताहेत. नव्या नोंदीत ०४० या मार्क क्षेत्राच्या (नोंदीतला क्रमांक दिलेला रकाना) e उपक्षेत्रात ‘rda’ असा संकेत टाका, म्हणजे कुठली कोणत्या नियमाने केली ते कळतं.

दिसणारा फरक म्हणाल तर प्रकाशनाचा तपशील २६० ऐवजी २६४ मध्ये जातो. २४५ (शीर्षकाचं क्षेत्र) मधला माध्यमाचा प्रकार सांगणारा कंस जातो, त्याऐवजी आशय, माध्यम आणि वाहक यांचे प्रकार सांगणारी ३३६, ३३७, ३३८ ही क्षेत्रं भरायची. (कंटाळवाणं काम आहे, पण कोहाच्या फ्रेमवर्कमध्ये (नोंद भरायच्या साच्यात) आपोआप भरलं जाणारं डीफॉल्ट मूल्य टाकलं की सुटलात.) ‘पृ.’ नाही, ‘पृष्ठे’ लिहायचं.

खरा फायदा स्मरणिका आणि संपादित ग्रंथांना. पूर्वी तीनपेक्षा जास्त लेखक असले की पहिल्याचं नाव देऊन बाकीचे ‘व इतर’मध्ये गडप व्हायचे. आता सगळी नावं देता येतात.

आणि आपल्याकडचा नेहमीचा वाद: मुखपृष्ठामागच्या शीर्षकपानावर ‘बेळगाव’ छापलंय तर २६४ मध्ये बेळगावच लिहा. १ नोव्हेंबर २०१४ ला अधिकृत नाव बेळगावी झालं म्हणून जुन्या पुस्तकाचं छापील गाव बदलत नाही. दोन्ही नावांनी शोध लागावा ही सोय ऑथॉरिटी नोंदीत (एकाच नावाची वेगवेगळी रूपं जोडणारी नोंद) करा.