सगळ्या क्षमतांच्या मुलांना खेळता येईल असा रोबोट बनवायचा आहे. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी दिव्यांग मुलांसाठी वेगळा रोबोट बनवायचाय. माझा आग्रह आहे की वेगळा बनवू नका. वेगळ्या खेळण्याशी मूल एकटंच खेळत बसतं. भावंडं आणि शेजारची पोरं ज्याच्यावर तुटून पडतात तेच खेळणं घ्या, आणि ते चालवायची आणखी एक सोय त्यात करा.

मी खेळण्यांना स्विच जोडून देतो, म्हणून तिथूनच सांगतो. सेलवर चालणारं, भुंकणारं साधं कुत्रं घ्या. त्याच्या पोटाखाली इवलासा सरकवायचा खटका असतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या कित्येक मुलांना तो सरकवताच येत नाही. दोन्ही अंगांना तांबं आणि मध्ये इन्सुलेशन अशी पातळ चकती सेल आणि पत्तीच्या मध्ये सरकवायची, दोन्ही अंगांच्या वायरी 3.5 मिमीच्या मोनो सॉकेटला जोडायच्या आणि मूळ खटका चालूच ठेवायचा. आता बाहेरचा मोठा स्विच दाबला की कुत्रं चालतं. तो तळहाताने दाबा, कोपराने, गुडघ्याने किंवा डोक्याने; मुलाच्या ताब्यात जी हालचाल असेल ती. ज्या खेळण्याला दाबायचं बटण असतं तिथे मात्र चकतीने भागत नाही, आत त्या बटणाला समांतर वायर सोल्डर करावी लागते.

तुमच्या रोबोटला हे सॉकेट पहिल्यापासूनच द्या. बाजारातले बहुतेक साहाय्यक स्विच याच पिनचे असतात. 2018 मध्ये आलेल्या, एक्सबॉक्स या गेमिंग यंत्राच्या अॅडॅप्टिव्ह कंट्रोलरलाही (दिव्यांगांसाठीच्या कंट्रोलरलाही) हीच पिन लागते.

खरी डोकेफोड वेळेची आहे. स्नायू ताठर असले की हात स्विचवर पडतो, पण पटकन उचलला जात नाही. हात थरथरत असेल तर एकाच्या जागी तीनदा दाबलं जातं. म्हणून एकदा दाबल्यावर काही सेकंद चालत राहणं आणि मधल्या काळातलं दाबणं सोडून देणं, दोन्ही कोडमध्ये हवं. त्या वेळा कमीजास्त करायला रोबोटवरच फिरवायची कळ द्या, मोबाइल अॅप नको. आवाजालाही तशीच कळ हवी, कारण स्वमग्न मुलांपैकी काहींना मोठा आवाज अजिबात सोसत नाही.

अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात असताना कोल गॅलोवे यांनी सुरू केलेला 'गो बेबी गो' उपक्रम जरूर बघा. दुकानात मिळणाऱ्या बॅटरीच्या गाडीत पायाच्या पेडलऐवजी स्टिअरिंगवर मोठं बटण, अंगाला आधार म्हणून पीव्हीसी पाइप, की गाडी तयार. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर विद्यापीठाचा कॅस्पर हा रोबोट स्वमग्न मुलांसाठी आहे. त्याचा चेहरा मुद्दाम साधा, मोजक्या हावभावांचा ठेवलाय, म्हणजे मुलाला तो वाचता येतो.

आराखडा कागदावर असतानाच एखाद्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं आणि खेळ जमावेत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा. स्विच किती जोराने दाबावा लागावा हे तेच सांगतील. आणि बटण-सेल शक्यतो वापरू नका, गिळला तर अन्ननलिका भाजते. सेलच्या झाकणाला कुठल्याही परिस्थितीत स्क्रू हवाच.