फोल्डर कॉपीला लावला की टॅली झोपतं

प्रश्न : सर, आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना हाय. ऑफिसात एकच सर्व्हर, त्यावर प्रॉक्समॉक्स (एकाच मशीनवर अनेक कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर), आत तीन व्हीएम म्हणजे आभासी कॉम्प्युटर, एक टॅलीचं, एक फाइल शेअरिंगचं म्हणजे सांबा, आणि एक हजेरीचं. डिस्क दोन, ७२०० आरपीएमच्या, मिररमध्ये, म्हणजे दोन्हीवर तोच डेटा. डिझाइनवाला पोरगा मागच्या सीझनचा फोल्डर कॉपीला लावतो आणि इकडे टॅलीत एक व्हाउचर सेव्ह व्हायला अर्धा मिनिट. मी सांबाच्या नेटवर्क कार्डला सेकंदाला ३० एमबीची लिमिट टाकली, कधी फरक पडतो, कधी अजिबात नाही. असं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : "कधी पडतो, कधी नाही" हे लिहिलंत ते बरं केलंत, कारण सगळी गोम तिथंच आहे. पोरगा स्वतःच्या पीसीवरून शेअरवर कॉपी करतो तेव्हा डेटा वायरीतून जातो, तुमची लिमिट लागते. पण शेअरवरचाच जुना सीझनचा फोल्डर शेअरवरच नव्या नावाने कॉपी केला, तर आजकालचं विंडोज डेटा पीसीवर आणतच नाही, सर्व्हरला नुसतं सांगतं की तुझं तूच कॉपी करून घे, आणि सांबाही ते ऐकतो. वायरीतून काही गेलंच नाही तर नेटवर्क कार्ड अडवणार कुणाला? डिस्क मात्र पूर्ण भरडून निघते. म्हणून ब्रेक डिस्कला लावा.

प्रॉक्समॉक्समध्ये सांबाच्या व्हीएमच्या हार्डवेअरमध्ये जा, हार्ड डिस्क निवडून एडिट करा, तिथं बँडविड्थचा टॅब आहे. त्यात एमबी प्रति सेकंदचे रकाने आहेत आणि ऑपरेशन्स प्रति सेकंदचे वेगळे. बहुतेक लोक फक्त एमबीचे भरतात आणि मग म्हणतात काय उपयोग झाला नाही.

गोडाऊनमधल्या पोऱ्याचं बघा की. अख्खी गाठ आणायला सांगा नाहीतर एक नॅपकिन, खेप एकच. डिस्कचं तेच आहे, एक ऑपरेशन म्हणजे एक खेप. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद, पाहिजे ती जागा डिस्कच्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा म्हणजे ४ च्या वर, शिवाय डोकं एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर न्यायला ८-९, म्हणजे एका खेपेला १२-१३ मिलिसेकंद, सेकंदाला साधारण ८० खेपा. बास. मिरर असला तरी लिहिताना दोन्ही डिस्कवर लिहायचं असतं, तिथं वाढ काही नाही. आता २० एमबीची लिमिट टाकली आणि फाइली बारीक बारीक ४ केबीच्या तुकड्यात आल्या तर त्या लिमिटमध्ये ५००० खेपा बसतात, आणि डिस्कची ताकद ८०. म्हणजे लिमिट लागायच्या आधीच डिस्क संपली, टॅलीचा नंबर येणार कधी.

म्हणून सांबाच्या व्हीएमला खेपांची लिमिट टाका. वाचायला ५०, लिहायला ५० पासून सुरू करा, एमबीची २० राहू द्या. पण याची किंमत आहे, ती आधीच सांगतो. तुकडे १२८ केबीचे आले तर ५० खेपांत सेकंदाला जेमतेम साडेसहा एमबी होतात, ३० जीबीचा फोल्डर म्हणजे सव्वा तास. पोरगा बोंबलणार. त्याला सांगा संध्याकाळी निघताना लाव. आणि लिमिट फक्त दांडगाई करणाऱ्यालाच, टॅलीच्या व्हीएमला चुकूनही नको, "सगळ्यांना सारखं" करायला गेलेले लोक मी बघितलेत. आकडा बदलला की नोडच्या (म्हणजे सर्व्हरच्या) समरीमध्ये आयओ डिलेचा, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात वेळ किती जातो त्याचा, ग्राफ बघा आणि अकाउंटच्या ताईंना विचारा, दोन्ही पाहिजे.

रात्रीच्या बॅकअपची लिमिट वेगळी टाकावी लागते, व्हीझेडडंपच्या (प्रॉक्समॉक्सचं बॅकअपचं साधन) कॉन्फिग फाइलमध्ये, आणि तिथला आकडा केबीत असतो हं. मी एकदा ४० एमबी समजून नुसतं ४० लिहिलं होतं, ६० जीबीचा बॅकअप रात्रभर चालून सकाळी २ टक्क्यांवर! शून्यं तीन राहिली होती.

लाईट गेली आणि परत आली की तिन्ही व्हीएम एकदम उठतात, तेव्हाही हीच मारामारी. व्हीएमच्या ऑप्शन्समधल्या स्टार्ट/शटडाउन ऑर्डरमध्ये टॅलीला पहिला नंबर द्या आणि तिथल्याच स्टार्टअप डिलेने बाकीच्यांना दोन-दोन मिनिटं मागे ठेवा; हा डिले ज्या व्हीएमला टाकाल त्याच्या पुढचं व्हीएम तेवढं थांबतं.

खरं विचाराल तर टॅलीची डिस्क साध्या साटा एसएसडीवर (हिच्यात फिरणारं काही नसतं) हलवा, हजारो खेपा मिळतात, व्हीएम चालू असतानाही हलवता येते. मात्र एसएसडी एकटी असेल तर बॅकअप चुकवू नका.

प्रश्न : आमच्याकडं हायपर-व्ही (व्हीएम चालवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) आहे. पॉवरशेलमध्ये एसएमबीची (विंडोजची फाइल शेअरिंगची पद्धत) बँडविड्थ लिमिट टाकली, पण फाइल सर्व्हरच्या व्हीएमवर काहीच परिणाम नाही.
– जुळे सोलापूरहून एक वाचक

उत्तर : होणारच नाही. ती लिमिट होस्ट, म्हणजे व्हीएम चालवणारा मूळ सर्व्हर, स्वतः दुसऱ्या शेअरवर जी वाहतूक करतो तिच्यासाठी आहे, म्हणजे व्हीएमच्या डिस्कच शेअरवर ठेवल्या असतील किंवा लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम दुसऱ्या सर्व्हरवर हलवणं) एसएमबीवरून चालत असेल तर. व्हीएमच्या आतला शेअर तिला दिसत नाही. तुम्ही त्या व्हीएमच्या व्हर्च्युअल डिस्कला मॅक्झिमम आयओपीएस (म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त खेपा) द्या, सर्व्हर २०१२ आर२ पासून सोय आहे. फक्त एक, तिथं खेप ८ केबीची धरतात, ६४ केबीचा एक तुकडा म्हणजे ८ खेपा, त्यामुळं वरच्या उत्तरातला ५० चा आकडा उचलून तसाच टाकू नका, फाइल शेअर पार गचकेल.