गुडघ्यातला विरघळणारा स्क्रू अंगाला मानवेल ना?

प्रश्न : कबड्डी खेळताना लेकाच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशनमध्ये विरघळणारा स्क्रू घातलाय. त्यात प्लास्टिक आणि हाडाची भुकटी असते, असं डॉक्टर म्हणाले. हे अंगात राहिलं तर बाधणार नाही ना?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, ती भुकटी कुणाच्या हाडाची नसते, हे आधी सांगते. ते कॅल्शियम फॉस्फेट, बहुधा कारखान्यात बनवलेलं. आपल्या हाडाचं निम्म्याहून जास्त वजन अशाच खनिजाचं असतं. प्लास्टिक म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल, लॅक्टिक आम्लाचे रेणू जोडून झालेल्या लांब साखळ्या. अंगातल्या पाण्याने ते तुटतं, त्याचं लॅक्टिक आम्ल होतं आणि शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड.

त्रास झालाच तर तो या आम्लाचा. स्क्रूच्या कडेचं आम्ल वाहून जातं, गाभ्यातलं अडकतं आणि उरलेल्या साखळ्या आणखी भराभर तोडतं. मग कधीकधी सूज येते, पाण्याची गाठ होते. खनिज हे आम्ल थोडंफार मारतं, शिवाय हाडाच्या पेशींना धरायला ओळखीची जागा देतं.

माझी सगळी नोकरी ही भुकटी बारीक करण्यात गेली. हाडातले स्फटिक जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचे, म्हणून आपले कणही तसेच हवेत. पण इतके बारीक कण एकमेकांना बिलगतात, पिठल्यासारख्या गुठळ्या होतात. गुठळीपाशी तडा जातो, सुटलेले कण भक्षक पेशी गिळतात आणि दाह सुरू होतो. म्हणून कणांवर आधीच लॅक्टिक आम्लाच्या आखूड साखळ्या जोडायच्या. मग ते प्लास्टिकमध्ये नीट मिसळतात. सिलेन या सिलिकॉनच्या जोडरसायनानेही काम भागतं, पण अंगात आणखी एक रसायन कशाला?

असं मिश्रण पेशींना बाधतं का, हे तपासायला त्याचा नमुना ३७ अंशांवर द्रवात भिजवून तो द्रव उंदराच्या पेशींवर घालतात. जिवंत पेशी ३० टक्क्यांहून जास्त घटल्या की नमुना बाद. आमच्या विद्यार्थ्यांचे नमुने नापास व्हायचे ते बहुतेकदा मिश्रणामुळे नव्हे, तर प्लास्टिक विरघळवायला वापरलेल्या आणि आत राहिलेल्या क्लोरोफॉर्ममुळे. वाळवायचा कंटाळा, दुसरं काय!

स्क्रू पूर्ण जिरायला काही वर्षं लागू शकतात, तेव्हा एक्स-रेत त्याचं भोक दिसलं तर घाबरू नका. मात्र बरा झालेला गुडघा पुन्हा सुजला तर सर्जनला दाखवा. फाइलमध्ये स्क्रूच्या पाकिटावरचं स्टिकर चिकटवलेलं असेल, ते सोबत न्या; आत नेमकं काय घातलंय ते त्यावरून कळतं.