इन्फेक्शन फुप्फुसात, मग किडनी आणि लिव्हर का बंद पडतात? बंद पडलेले अवयव परत चालू होतात का?

तुम्ही लिहिलंय की बाबांना न्यूमोनिया म्हणून अॅडमिट केलं, मग किडनी गेली म्हणाले, मग लिव्हर, आता प्लेटलेट पण उतरल्यात, आणि फुप्फुसातल्या इन्फेक्शनने बाकीचं का जातंय हेच कोणी नीट सांगत नाहीये. मी आयसीयूत नर्स आहे. हा प्रश्न रोज कानावर येतो, पण राउंड संपता संपता दारात उभं राहून विचारलेला, त्यामुळे उत्तरही तसंच घाईत मिळतं.

तर जंतू किडनीत पोचलाय म्हणून किडनी बंद पडली असं बहुतेक वेळा नसतं. जंतूशी लढताना शरीर रक्तात जी रसायनं सोडतं ती आवरती राहिली नाहीत की सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांना त्रास होतो, म्हणजे त्या सैल पडतात, बीपी घसरतं, बारीक वाहिन्यांच्या भिंतींतून पाणी बाहेर झिरपतं आणि आत बारीक बारीक गुठळ्या होतात ज्यात प्लेटलेट खर्च होऊन जातात. प्लेटलेट उतरणं हा वेगळा आजार नाही, याच भानगडीचा भाग आहे. अंग सुजून चेहरा ओळखू न येणंही त्यातलंच. घरचे म्हणतात सलाइन जास्त दिलं, ते अर्धंच खरं. सेप्सिस म्हणतात तो हाच, आणि २०१६ च्या व्याख्येतही जोर जंतूवर नाही तर शरीराच्या बिघडलेल्या प्रतिसादावर आहे. म्हणूनच मोठा अपघात, भाजणं, स्वादुपिंडाची सूज यात जंतू नसतानाही असं होऊ शकतं. १९७३ साली टिल्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटातली महाधमनी फुटलेल्या पेशंटबद्दल लिहिलं होतं, ऑपरेशन करून वाचवलेल्या त्या लोकांचे मूळ दुखापतीशी संबंध नसलेले अवयव नंतर एकामागून एक बंद पडत गेले. त्याच्याही बऱ्याच आधी, व्हेंटिलेटर, डायलिसिस नव्हतं तेव्हा, एवढा आजारी माणूस या टप्प्यापर्यंत जगतच नव्हता.

शिवाय एक अवयव दुसऱ्याला ओढतो. किडनी थांबली की पाणी फुप्फुसात साठतं, रक्तात अॅसिड वाढतं, हृदयावर ताण येतो. आणि खरं सांगायचं तर मशीनही निरुपद्रवी नसतं, व्हेंटिलेटरने मोठे मोठे श्वास दिले तर आधीच खराब झालेलं फुप्फुस आणखी बिघडतं, २००० साली आलेल्या मोठ्या अभ्यासात किलोमागे १२ ऐवजी ६ मिलीचे छोटे श्वास दिल्यावर मृत्यूचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांवरून ३१ वर आलं होतं (किलो म्हणजे प्रत्यक्ष वजन नाही, उंचीवरून काढलेलं).

आता परत येतात का. सेप्सिसने मृत्यू झालेल्यांचे अवयव मायक्रोस्कोपखाली बघितले तर मेलेल्या पेशी अपेक्षेपेक्षा खूपच कमी सापडतात, त्यामुळे आता असा अंदाज आहे की पेशी जीव वाचवायला काम बंद करून बसतात. म्हणजे सुटायला वाव असतो. जे वाचतात आणि ज्यांची किडनी आधी चांगली होती त्यातल्या बहुतेकांचं डायलिसिस सुटतं. पण तीन-चार अवयव कित्येक दिवस बंद राहिले तर न वाचण्याची शक्यता जास्त असते, वय आणि जुने आजार त्यात भर घालतात, हे लपवून काही फायदा नाही.

आम्ही काय बघतो तेही सांगते. लघवीच्या पिशवीला वर एक छोटा मोजायचा डबा असतो, तो तासातासाला बघायचा, ७० किलोच्या माणसाला तासाला साधारण ३५ मिली तरी हवी. गुडघ्यांवर जांभळट जाळी उमटली की मॉनिटरवर बीपी ठीक दिसत असलं तरी मला बरं वाटत नाही, तिथपर्यंत रक्त नीट पोचत नाहीये. डॉक्टर सहा गोष्टींना, म्हणजे फुप्फुस, रक्त, लिव्हर, बीपी, मेंदू, किडनी यांना प्रत्येकी ० ते ४ मार्क देतात, जास्त मार्क म्हणजे जास्त वाईट. एका दिवसाच्या आकड्यावरून फार काही ठरवू नका, दोन दिवसांत तो कुठे चाललाय ते बघायचं.

म्हणून "कसे आहेत" असं विचारलंत तर "क्रिटिकल आहेत" एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा नॉरअॅडचा (बीपी टिकवायला चालू असलेल्या औषधाचा) डोस कालच्यापेक्षा कमी झाला का, लॅक्टेट (पेशींवर ताण आला की रक्तात वाढणारं अॅसिड) उतरतंय का, लघवी किती, ऑक्सिजन किती टक्के लागतोय, आणि मुख्य म्हणजे मूळ इन्फेक्शन आवरतंय का, कल्चरमध्ये (जंतू कुठला ते शोधायच्या तपासणीत) काय आलं, छातीत पू साठून काढायचा राहिलाय का, हे विचारा. डायलिसिस, व्हेंटिलेटर यांनी आजार बरा होत नाही, तोवर माणूस टिकतो, आणि मूळ ठिकाण साफ झालं नाही तर नुसतं टिकवून चालत नाही. क्रिएटिनिनवर (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्तातल्या आकड्यावर) मात्र रोज जीव टांगू नका, आधी लघवी वाढते आणि तो आकडा बरेचदा मागाहून उतरतो.

गुंगीचं औषध कमी करतील तेव्हा बाबा भलतंच बोलतील, नळ्या ओढतील, तुम्हाला ओळखणार नाहीत कदाचित. घाबरू नका, मेंदूही या सगळ्यातून गेलेला असतो आणि हा भ्रम सहसा ओसरतो. त्यांचा चष्मा आणि कानाचं मशीन असेल तर आत्ताच सिस्टरकडे देऊन ठेवा, भेटायला गेलात की आज वार कुठला, ते कुठे आहेत हे दर वेळी सांगा.