रोजची फेरी आणि इंजिन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इंदूरला घर लोकमान्य नगरात, दुकान सियागंजात. मुलीच्या शाळेची फेरी धरून रोज १४ किलोमीटर होतात, तेही तुकड्यातुकड्यांत. वर्षातून दोनदा पुण्याला जाणं होतं. नवी गाडी घ्यायची आहे. डिझेलचं ॲव्हरेज चांगलं म्हणून घरच्यांचा कल तिकडे आहे. काय घ्यावं?

उत्तर : पेट्रोल घ्या. आधी हिशेब पाहू. समजा, पेट्रोल १०६ रुपये आणि डिझेल ९२ रुपये लिटर आहे. शहराच्या गर्दीत पेट्रोल गाडीने १२ आणि डिझेलने १६ किलोमीटर दिले, तर किलोमीटरमागे साधारण ८.८० आणि ५.७५ रुपये पडतात. म्हणजे तीन रुपयांची बचत. डिझेल मॉडेल सव्वा लाखाने महाग असेल, तर तेवढे पैसे वसूल व्हायला सुमारे ४१ हजार किलोमीटर चालवावं लागेल. तुमचं रनिंग पुण्याच्या दोन्ही वाऱ्या धरून वर्षाला साडेसहा हजारांच्या आसपास. म्हणजे सहा वर्षं नुसती बरोबरी करण्यात जाणार. शिवाय डिझेलला सर्व्हिसिंगचा खर्च जास्त, तो वेगळाच. भाव तुमच्या पंपावरचे घाला आणि ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल मोजलेलं धरा, स्क्रीनवरचं नको. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि त्यात ऊर्जा कमी, म्हणून जुन्या पेट्रोल गाडीचे आकडे आज जुळणार नाहीत.

पण पैशांपेक्षा मोठं कारण म्हणजे तुमच्या फेऱ्यांची लांबी. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत डिझेल इंजिन पुरतं तापतच नाही. याने बिघडतं काय, ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : २०२१ची डिझेल एसयूव्ही आहे. राजवाडा, पलासिया, विजय नगर एवढंच फिरणं. डीपीएफचा पिवळा दिवा दर थोड्या दिवसांनी लागतो. गेल्या वेळी डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसलं. ऑइल वाढतं कसं?

उत्तर : ते वाढलेलं ऑइल नाही, त्यात मिसळलेलं डिझेल आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, सर्रास आली. साठलेली काजळी जाळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतात. गर्दीत रांगत चालणाऱ्या डिझेलचा धूर त्याच्या जवळपासही पोचत नाही. मग इंजिनाचा कॉम्प्युटर जास्तीचं डिझेल उशिरा फवारतो आणि त्याच्या जळण्याने धूर तापवतो. याला रीजनरेशन म्हणतात. हे चालू असतानाच तुम्ही घरी पोचून गाडी बंद केलीत, की काम अर्धवट राहतं. पुढच्या फेरीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दर वेळी त्या फवाऱ्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ झालं की बेअरिंग आणि टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) झिजतात. पातळी फारच चढली, तर इंजिन तेच ऑइल ओढून जाळू लागतं आणि चावी काढूनही आवरत नाही. म्हणून आधी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. दिव्याचं नंतर बघू.

नवं ऑइल कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच हवं. काजळी जळून जाते, ऑइलची राख जाळीत कायमची बसते. स्वस्त ऑइलची बचत इथे अंगाशी येते.

मग दिवा स्थिर पिवळा असेल तर टाकीत पाव भागाहून जास्त डिझेल ठेवा, गाडी राऊ-मांगलिया बायपासवर काढा आणि ६० ते ८०च्या स्थिर वेगाने, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) २००० च्या वर राहील अशा गिअरमध्ये, वीसेक मिनिटं चालवा. एरवीही उभ्या गाडीचे आरपीएम नेहमीपेक्षा चढलेले दिसले, पंखा जोरात फिरत असला, तापल्याचा वास आला, तर रीजनरेशन चालू आहे असं समजा आणि शक्य असेल तर एक फेरी वाढवा. तेव्हा वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका.

दिवा लुकलुकू लागला किंवा सोबत इंजिनाचा दिवाही लागला, तर मात्र बायपासचा नाद सोडा. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून रीजनरेशन करून घ्यावं लागेल. जाळीच काढून टाकतो म्हणणारा मेकॅनिक भेटला तर ऐकू नका, ते बेकायदा आहे आणि सगळ्या गल्लीच्या फुप्फुसात काजळी सोडणं आहे.

प्रश्न : १.२ लिटरची पेट्रोल गाडी. पाच माणसं आणि एसी असला की ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात दम तोडते. इंजिन खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. टर्बो नसलेल्या अशा इंजिनाचा जोर ११० न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि तोही ४००० आरपीएमच्या पुढे मिळतो. दीड लिटरचं टर्बो डिझेल २५० च्या घरात जातं, तेही १५०० ते २००० आरपीएमलाच. म्हणून डिझेलवाला तिसऱ्यात चढतो तिथे तुम्ही वेळीच दुसरा टाका आणि इंजिन ओरडलं तरी ३५००-४००० वर चालू द्या. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून रेटलं की नॉकिंग होतं, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिन ठकठक वाजतं, ते खरं नुकसान करतं. सपाट रस्त्यावरही पिकअप पडला असेल, तर एअर फिल्टर, प्लग आणि क्लच तपासा.

प्रश्न : डिझेल गाडी १० वर्षांनी भंगारात काढावी लागते का?

उत्तर : ती मर्यादा दिल्ली-एनसीआरसाठी, म्हणजे दिल्ली आणि लगतच्या भागासाठी, घातली गेली होती. मध्य प्रदेशात नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे फिटनेस पास करून वाढवता येते.

प्रश्न : पंपावर डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं गेलं तर?

उत्तर : चावीसुद्धा फिरवू नका. इग्निशन ऑन होताच बऱ्याच गाड्यांत टाकीतला पंप इंधन पुढे ढकलू लागतो. डिझेल हेच हाय-प्रेशर पंपाचं वंगण असतं. पेट्रोलने ते धुऊन जातं, पंप कोरडा घासतो आणि धातूचा चुरा थेट इंजेक्टरमध्ये जातो. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बाजूला घ्या, टाकी रिकामी करून घ्या, डिझेल फिल्टर बदला, नवं डिझेल भरा. एवढ्यावर भागतं. गाडी चालवली गेली असेल, तर पंप आणि इंजेक्टर उघडून तपासल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.