नागपुरात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो. कार्बन फिल्टर लावला तर पाणी शुद्ध होईल का?

वास जाईल, नक्की जाईल. 'शुद्ध'च्या नादात मात्र मी एकदा फसलोय.

अख्ख्या घराला बिनवासाचं पाणी मिळावं म्हणून मी गच्चीवरच्या टाकीच्या आधीच मोठा कार्बन फिल्टर बसवला होता. पंधरा दिवस घरात कौतुक. मग मे महिन्यात टाकी धुवायला उतरलो, तर भिंती बुळबुळीत, हाताला चिकट थर. क्लोरीन मीच बाहेर अडवला होता, आणि आपल्याकडच्या उन्हात तापलेल्या टाकीत जंतूंना रान मोकळं मिळालं. पेंच नदीचं पाणी गोरेवाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊनच येतं; वाटेत आणि टाकीत ते बिघडू नये म्हणून क्लोरीन उरवलेला असतो. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. म्हणून फिल्टर लावायचा तो स्वयंपाकघरात, पिण्याच्या नळालाच.

आत असतो तो बहुधा नारळाच्या करवंटीचा कोळसा, वाफेत भाजून सच्छिद्र केलेला. एका ग्रॅमचं आतलं पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या आसपास भरतं! क्लोरीन त्यावर नुसता चिकटत नाही, त्याची कोळशाशी क्रिया होऊन क्लोराइड बनतं. नळ मात्र बारीक सोडा, धो-धो सोडलात तर क्लोरीन तसाच निसटतो.

क्षार, फ्लोराइड, नायट्रेट यांना हा हात लावत नाही. बोअरचं पाणी मिसळत असाल तर जडपणा तसाच राहणार. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरवर ५०० च्या आत आकडा असेल तर नुसत्या वासापायी आरओ घेऊ नका.

कार्ट्रिज संपलं कसं ओळखायचं? क्लोरीन तपासायचे ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टचे थेंब आणा. नळाच्या पाण्यात टाकले की पिवळा रंग येतो. फिल्टरच्या पाण्यात तो यायला लागला की बदला. (ते पाणी फेकून द्या, पिऊ नका.) रंग नाही आला तरी कंपनीने दिलेली मुदत पाळा, कारण क्लोरीन नसल्याने कोळशातही जंतू वाढतात. गावाहून परतलात की आधी बरंच पाणी वाहू द्या. नव्या कार्ट्रिजचं पहिलं पाणी काळं येतं, घाबरू नका, कुंड्यांना घाला.

आणि खर्च करायचाच नसेल, तर उघड्या पातेल्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्याचाही वास बराच उडतो. वर फडकं तेवढं बांधा.